पांढऱ्या गादीवरची ओल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मग तुम्हालाच का? — तुमचा चेहरा मला दिसत नाही, एवढंच कारण. समोर चेहरा असला की मी फार छान बोलतो, आणि छान बोलता बोलता खरं तेवढं राहून जातं. आज सकाळपासून हात शिवशिवताहेत. पंचाहत्तरीच्या माणसाला शोभू नये इतका उतावीळ झालो आहे. तेव्हा लिहून टाकतो.

पण थांबा. आधी त्या दिवसांची मजा सांगायला हवी. हो, मजाच! तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही.

गोष्ट प्रोस्टेटच्या ऑपरेशनची आहे. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी सुपारीएवढी एक ग्रंथी असते. तरुणपणी ती आहे हेसुद्धा ठाऊक नसतं, आणि साठीच्या आसपास ती वाढली की दुसरं काही सुचत नाही. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. मी अंधेरीला, चकाल्याच्या गावठाणाला लागून असलेल्या एका चाळीत राहत होतो. मागे भाताची खाचरं, पुढे डांबर न पडलेला रस्ता. नोकरी सरकारी भाषांतरकाराची. मोठ्या माणसांची इंग्रजी भाषणं मराठीत आणायची. त्या कामातून मला एवढंच कळलं, की भाषण लांबलं की ऐकणाऱ्याचं काय होतं याची बोलणाऱ्याला कधीच खबर नसते. संध्याकाळी मी वाचनालयाचा चिटणीस. तिथेही सत्कार, मानपत्रं, शाली चालूच. या सगळ्याची टिंगल करणं हा माझा आवडता उद्योग होता. सत्कारमूर्तीवर शाल पडली की मला मच्छरदाणी टाकल्याचा भास होतो, असं मी म्हणायचो. लोक हसायचे. मलाही ते आवडायचं.

तर, डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. पोट उघडून. मी विचारलं, नंतर काय? ते चष्मा पुसत म्हणाले, "नंतर काही महिने लघवीवर ताबा राहणार नाही. खोकलात, शिंकलात, उठलात, की होणार. काहींचं बरं होतं, काहींचं राहतं. घरी जाऊन तयारीला लागा."

घरी येऊन मी पहिली तयारी केली ती खोटं बोलण्याची. चाळीत सांगितलं, हर्निया आहे. हर्निया सभ्य आजार आहे, नाही का? जड उचललं, कष्ट केले, म्हणून झाला — त्यात एक कर्तृत्व आहे. खरं काय ते माहीत होतं फक्त माझ्या बायकोला, कमलला. आणि इनासला.

इनास म्हणजे गावठाणातला माझा मित्र. जन्माचा चकाल्याचा. थोडी भातशेती, बंदरात नोकरी, आणि खरं आयुष्य म्हणजे कॉर्नेट, ते तुतारीसारखं पितळी वाद्य. लग्न असो, देवळाचं फेस्त, म्हणजे त्यांच्या चर्चचा वार्षिक सण असो, बॅंडच्या पुढे गाल फुगवून चालणारा तो धिप्पाड माणूस म्हणजे इनास. हेच ऑपरेशन त्याचं वर्षभर आधी झालं होतं, आणि त्याने ते साऱ्या गावाला सांगितलं होतं! दुकानात, विहिरीवर, देवळाच्या पायरीवर. "आमची तोटी बदलली, पन वायसर घालायचा इसरला डाक्तर!" बायका तोंडाला पदर लावून पळायच्या. कॉर्नेट फुंकायला पोटात जोर लागतो, आणि जोर लागला की गळायचं. महिनोन् महिने तो वाजवू शकला नाही. मग हळूहळू आवळायला शिकला, कोरडा झाला, आणि पुन्हा बॅंडच्या पुढे आला. त्या दिवशी गावाने त्याला हार घातला होता. मी त्याचीही टिंगल केली होती — लघवी थांबली म्हणून सत्कार झालेला हा पहिलाच माणूस, म्हणून. सगळ्यांत मोठ्याने हसला होता तोच.

तर माझ्या तयारीचा सरसेनापती इनास झाला. आणि काय सांगू तुम्हाला, मला इतका उत्साह त्यापूर्वी कितीतरी वर्षांत वाटला नव्हता! लग्नघर वाटावं असं आमचं घर झालं. जुनी धोतरं निघाली, पंचे निघाले, कात्री निघाली. कमलने कापूस आणला, तर इनास ओरडला, "कापूस नको गं वैनी! भिजला की गोळे व्हतात. चालताना वाटतं, बटाटं घेऊन निघालोय." मग पंच्यांचे थर एकावर एक ठेवून, गोधडीसारखे दोरे घालून, पट्ट्या तयार झाल्या. खाली रबर हवं. आमची शेकायची पिशवी फुटलेली होती, ती कापली. वरून लंगोट. गादीवर मेणकापड, त्यावर जुनी चादर, आणि पलंगाखाली घट्ट झाकणाचा डबा, त्यात ओल्या पट्ट्या टाकायला धुण्याच्या सोड्याचं पाणी.

मग प्रयोग! पाटावर पट्टी ठेवायची, कमलने लोट्याने पाणी ओतायचं, मी वर बसायचं, आणि इनासने एक आख्खं गाणं शिट्टीवर वाजवायचं. गाणं संपेपर्यंत पाट कोरडा राहिला तर पट्टी पास. पहिल्या पट्टीने ध्रुवपदातच मान टाकली. कमल हसून हसून भिंतीला टेकली. इतकी वर्षं संसार केला, पण माझ्याकडे पाहून ती अशी हसलेली मला आठवत नव्हतं. मीही हसलो. ज्या गोष्टीची मला रात्रंदिवस भीती वाटत होती ती आम्ही तिघं पाटावर मांडून तिच्यावर पाणी ओतत होतो, आणि भीती कुठे गेली होती कोण जाणे.

पुढे तपकिरीचा प्रयोग. ऑपरेशनच्या आधीच शिंक कशी रोखायची ते शिकायला हवं, हा इनासचा हट्ट. "खालून आवळ, मंग शिंक! आधी शिंकलास तर वाट लागली." त्याने तपकिरीची चिमूट माझ्या नाकाशी धरावी आणि मी खुर्चीचे हात पकडून आवळावं. शिवाय लघवी करताना मध्येच थांबवायची, पुन्हा सोडायची, हा रियाज दिवसभर. त्याचा शब्द रियाजच होता.

पट्ट्या वाळत घालायच्या कुठे, हा मोठा प्रश्न. कमलने त्यांना पोपटी कापडाची किनार लावली. दुपट्यांसारख्या दिसू लागल्या. शेजारच्या मावशी दोरीकडे बघून म्हणाल्या, "काय गं, मुलीला दिवस गेलेत वाटतं?" कमल नुसती लाजली. हा खोटेपणा तिला मीच शिकवला होता. मावशींनी लोकरीचं टोपडं विणून आणलं. आमच्या मुलीला बडोद्यात कशाचा पत्ता नव्हता.

ऑपरेशन झालं. रबरी नळी, काचेची बाटली, पोटाला टाके — ते सगळ्यांचं सारखंच असतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. घरी आलो आणि डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. पण आमची तयारी! एकही चादर खराब झाली नाही. इनास रोज यायचा, दारातूनच भुवया उडवून विचारायचा, मी बोटांनी खूण करायचो — आज दोन पट्ट्या, आज एक. हळूहळू एकसुद्धा कोरडी निघू लागली. मग मी ती घरात बांधणं सोडलं, मग बाहेरही. मला केवढा गर्व झाला म्हणून सांगू!

आणि नेमका त्याच वेळी वाचनालयाने माझा सत्कार ठरवला.

नको म्हणालो का? एकदाच म्हणालो. आवाज असा लावला, की त्यांनी पुन्हा आग्रह करावा. त्यांनी केला.

आदल्या दिवशी इनास म्हणाला, "सभेला बांध रे नाना. लई वेळ बसायचं हाय." मी म्हटलं, महिनाभर थेंब नाही. तो म्हणाला, "तरी बांध." पण जरीकाठी धोतर होतं, फोटो निघणार होता, आणि पट्टी बांधली की पुढून फुगवटा येतो — मी आरशात पाहिलं होतं. इतकी तयारी केलेला माणूस मी! त्या दिवशी पट्टी न बांधता गेलो.

व्यासपीठावर खुर्च्या नव्हत्या, भारतीय बैठक होती. गाद्या, त्यांवर एकच लांब पांढरी शुभ्र चादर, मागे लोड. मध्यभागी अध्यक्ष रावसाहेब. ही रावसाहेबी त्यांना इंग्रजांनी दिली होती. इंग्रज गेले, ती राहिली. त्यांच्या उजवीकडे मी. माझ्या शेजारी, त्याच गादीवर, बॅंडची काळी विजार घातलेला इनास. समारोपाला राष्ट्रगीत तो वाजवणार होता, म्हणून मीच त्याला वर बसवलं होतं. तो जड, त्यामुळे गादी त्याच्या बाजूला दबलेली. हे ध्यानात ठेवा — मी तेव्हा ठेवलं नव्हतं.

शाल आली, श्रीफळ आलं, मानपत्र आलं. भाषणं सुरू झाली. मी मान खाली घालून बसलो होतो आणि खरं सांगतो, मला ते सगळं आवडत होतं. एकेक विशेषण पेढ्यासारखं विरघळत होतं. शेवटी रावसाहेब उठले. ते म्हणाले, मी या उपनगरातला हिमालय आहे. आता पाच फूट दोन इंचांच्या माणसाला हिमालय म्हटल्यावर इनास गप्प बसणार? तो पुढे बघतच पुटपुटला, "म्हंजे बर्फ वितळायचा धोका हाय."

मला हसू फुटलं. दाबलं. दाबलं तसं पोटात उसळलं, आणि खालून आवळायचं राहून गेलं. थेंब नव्हे. उबदार, भरपूर, थांबवता न येणारं.

मी हललो नाही. चेहराही हलू दिला नाही. पुढच्या रांगेतली माणसं समजली, मी गहिवरलो. वरचं भाषण चालूच होतं. मी हळूच शाल कमरेभोवती ओढून घेतली, सगळीकडून, नीट. आणि पाणी उतार शोधत गेलं. गादी ज्या बाजूला दबली होती त्या बाजूला.

राष्ट्रगीताला सगळे उठले. इनास पुढे झाला, कॉर्नेट ओठाला लावली. मी शालीत गुंडाळून उभा. आणि मागे त्या पांढऱ्या चादरीवर, आम्हा दोघांच्या मध्ये, पण जास्त त्याच्या जागेवर, मोठा पिवळसर डाग. व्यासपीठावरच्यांनी पाहिला. बाजूने उभ्या असलेल्या बायकांनी पाहिला. गीत संपेपर्यंत कुणाला बोलता येत नव्हतं, म्हणून सगळे फक्त बघत होते — आधी डागाकडे, मग इनासच्या पाठीकडे. त्याच्या ऑपरेशनची माहिती नव्हती असा माणूस त्या मंडपात नव्हता. माझा तर हर्निया होता.

गीत संपलं. इनास वळला आणि त्यानेही पाहिलं. त्याचा हात आपसूक विजारीच्या मागे गेला. विजार ओली होती. असणारच. तो त्यात बसला होता.

रावसाहेबांनी माझ्या कानाशी लागून विचारलं, "हे काय हो?" आणि मी — अगदी हळू, अगदी समंजस आवाजात — म्हणालो, "जाऊ द्या. बिचाऱ्याला अजून त्रास आहे."

हेच ते. इतकी वर्षं हेच लपवलं. ओल माझी होती, आणि मी ती इनासच्या नावावर टाकली. गप्प राहिलो असतो तर निदान भित्रेपणा म्हणता आला असता. मी बोललो. आणि "बिचाऱ्याला" म्हणालो.

शेजारीच पाण्याचा तांब्या होता. भरलेला. तो लवंडला असता तर कुणाचंच काही गेलं नसतं. हे मला घरी जाताना सुचलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला तेव्हाच सुचलं होतं, राष्ट्रगीत चालू असताना. पण स्वतःच्या सत्कारात तांब्या लवंडणारा माणूस वेंधळा दिसतो. मला वेंधळं दिसायचं नव्हतं.

आणि इनास? त्याला माझं ऑपरेशन माहीत होतं. तो तिथल्या तिथे म्हणू शकला असता, माझंच कशावरून? नानाचीही तीच गत आहे! त्याच्या मनात ते आलंच नसावं, आणि आलं असेल तर त्याने माझा हर्निया सांभाळला. यातलं कुठलं खरं, ते मला ठरवता येत नाही. कोटाची टोकं मागे ओढत तो पायऱ्या उतरून गेला. जाताना एकही विनोद केला नाही.

घरी मी धोतर स्वतः धुतलं. कमलला म्हटलं, हारातल्या फुलांचे डाग पडलेत, तू दमली असशील. आयुष्यात पहिल्यांदा मी कपडा धुतलेला पाहून ती दारात उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. सत्काराने माणूस बदलतो, असं तिला वाटलं असावं.

दोनेक दिवसांनी इनास आला. नेहमी दारातून ओरडणारा माणूस आत येऊन बसला, कमल स्वयंपाकघरात गेल्याची खात्री केली, आणि कुजबुजला. त्याला कुजबुजताना मी पहिल्यांदा पाहत होतो. "नाना, माझं परत सुरू झालं रे. आनि ह्या टायमाला कळलं बी नाय. तुझं कसं हाय? कोरडं ना?"

मी म्हणालो, "एकदम कोरडं."

"बरं झालं बाबा," तो म्हणाला. मनापासून म्हणाला.

मग मी काय केलं असेल? माझ्या उरलेल्या पट्ट्या त्याला दिल्या! कमलने त्याच्या मापाच्या आणखी शिवल्या. रियाज पुन्हा सुरू करायचा सल्लाही मीच दिला. त्याने माझे आभार मानले.

त्याचं काहीही गळत नव्हतं. पट्ट्या रोज कोरड्या निघायच्या, पण त्याचा भरवसा उडाला होता. कळलंच नाही, या गोष्टीची त्याने धास्ती घेतली. आज कोरडी आहे, उद्याचं काय? नवरीच्या दारात झालं तर? मे महिन्यातली लग्नं आली, बॅंडवाले बोलवायला आले, तो नाही म्हणाला. दुसऱ्यांदा ते आले नाहीत. वसईकडचा एक कॉर्नेटवाला धरला त्यांनी. इनास देवळातही शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसू लागला. चाळीत, गावात, कुणी त्याला हसत नव्हतं. सगळे फार चांगले वागत होते. सभेला त्याला पाट देत, गादी देत नसत.

एक वाक्य होतं माझ्याकडे. त्या एका वाक्याने तो माणूस पुन्हा उभा राहिला असता. मी शब्दांवरच पोट भरत होतो हो! लोकांची कसली कसली वाक्यं मी घडवून दिली. हे एक मला जमलं नाही — असंही म्हणता येणार नाही. मी कधी प्रयत्नच केला नाही.

तीनेक वर्षांनी तो हृदयविकाराने गेला. तेव्हा आता माफी मागायला माणूस नाही, आणि तुमच्याकडे मागावं असं काही नाही. तुम्ही मला काही देऊ नका. पण शेवटच्या फेस्ताचं तेवढं सांगायचं राहिलं आहे.

देवळाच्या फेस्ताचा दिवस. बॅंड गल्लीतून येणार होता. इनासने मला बोलावलं होतं, त्याच्या ओट्यावर दोघं बसलो होतो. आत त्याची बायको मोनिका तळण तळत होती. बॅंड वळणावर आला, कॉर्नेट ऐकू यायला लागली. वसईवाला बरा वाजवत होता. इनासची तीन बोटं गुडघ्यावर वरखाली होत होती, त्याच्याही नकळत. एके ठिकाणी वसईवाला चुकला, इनासची बोटं चुकली नाहीत.

तो म्हणाला, "नाना, त्या सत्काराच्या दिवशी... तू बाजूला व्हतास. तुला काय जानवलं का रे? कदी झालं ते?"

तो माझ्याकडे बघत होता. संशयाने नाही, मदत मागावी तसं. वेळ कळली असती, तर कुठल्या क्षणी जपायचं हे कळलं असतं, आणि कदाचित त्याने पुन्हा फुंकलं असतं. बॅंड अजून वळणावरच होता. वेळ भरपूर होता.

मी म्हणालो, "नाही रे. मला काहीच जाणवलं नाही."

त्याने मान हलवली. बॅंड समोरून जाताना उठून आत गेला. परत आला तेव्हा चेहरा जरा खुलला होता. माझ्या कानाशी वाकून, बॅंडच्या आवाजातून ऐकू यावं म्हणून मोठ्याने म्हणाला, "कोरडी हाय रे आज!"

मी म्हटलं, "वा! छान."